जिन्याखाली रांगावं कसं

साहित्य: जुनी विजार, टॉर्च, खडू, दीड फूट लांब-रुंद पॉलिथिनचा तुकडा, चिकटपट्टी, रबरी हातमोजे, भांडी घासायच्या तारेच्या घासण्या अर्धा डझन, फुटक्या बाटल्या, अर्धी बॅग सिमेंट आणि आपलं थोडं तरी ऐकेल असा एक मेस्त्री. घरातल्या मंडळींची परवानगी या यादीत धरलेली नाही. ते प्रकरण पुढे स्वतंत्र येईल.

ही मार्गदर्शिका हैदराबादच्या दिलसुखनगरात नुकतंच जुनं घर घेतलेल्या किंवा ग्राउंड फ्लोअरचा पोर्शन भाड्याने घेतलेल्या नवशिक्यासाठी आहे. अनुभवी लोकांनी वाचू नये. त्यांनी ओलीशी तडजोड केलेली असते.

आमचे चिरंजीव नॉर्थ कॅरोलायनात असतात. दिलसुखनगरच्या मुलांचा रस्ता ठरलेला आहे: आधी इथला क्लास, मग अमीरपेठचा क्लास, मग विमान. तिकडे त्यांनी लाकडी घर घेतलं. घराखाली दोन-अडीच फुटांची पोकळी निघाली. तिच्यात पोटावर सरपटत जावं लागतं, म्हणून नावही तसंच, क्रॉल स्पेस. खाली उघडी माती, वर घराच्या तुळया. मातीतून ओल चढते, तुळयांना बुरशी धरते, मग वाळवी येते. म्हणून एक कंपनी आली आणि तिनं जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं, झरोके बुजवले, हवेतली ओल ओढणारं यंत्र बसवलं. चिरंजीवांनी आकडा डॉलरमध्ये सांगितला. मी तो मनातल्या मनात रुपयांत केला आणि म्हणालो, "बरं आहे बाबा, आपल्याकडे घराखाली असलं काही नसतं."

तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मग जिन्याखाली काय आहे?"

जिन्याखाली काय आहे ते चौदा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. प्लायवूडचं बुटकं दार, आत तोंडाशी पाण्याची मोटर, तिच्यामागे अंधार. जिना वर चढतो तशी ही जागा मागे निमुळती होत जाते. तोंडाशी पाच फूट उंची, शेवटी शून्य. आधी वाकायचं, मग बसायचं, मग रांगायचं. शेवटच्या चार फुटांत माणूस वर्षाचा होतो. नवशिक्यांनी घाबरू नये, बाहेर येताना वय परत मिळतं. कंबर मात्र मिळेलच असं नाही.

पहिला नियम: रंगाऱ्याला बोलवायचं नाही. भिंतीला खालून ओल आली, पोपडे सुटले, की दिलसुखनगरात पहिला फोन रंगाऱ्याला जातो. आमच्याही घरी तो दोनदा आला. खरवडलं, पुट्टी मारली, दोन हात दिले. मेस्त्री शेजारी उभा राहून धीर देत होता, "टेन्शन नक्को लेव साब, पाच साल देखनेकी जरूरत नै." दसऱ्याला भिंत झकास दिसली. संक्रांतीला पुट्टीचा पापड हातात आला. दुसऱ्या वेळी तर रंगाच्या आत पाण्याचे फोड आले होते, बोट लावलं की फुटायचे. चूक रंगाची नव्हती. ओल्या अंगावर कोरडा सदरा घातला म्हणजे अंग कोरडं होत नाही, सदरा ओला होतो.

तेव्हा आधी पाणी कुठून येतं ते शोधा. दिव्याची वात तेल वर ओढते तशी वीट पाणी वर ओढते. जमिनीपासून साधारण हातभर, फार तर मीटरभर ही ओल चढते, तिथे हवेला सुकते आणि बरोबर आणलेला खार भिंतीवर सोडते. तो पांढरा पट्टा म्हणजे पाण्याची सही. बांधताना जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर घालायचा असतो, काँक्रीटचा, वर डांबर वगैरे. तुमच्या घराला तो असेलही. पण इथे एक गंमत आहे. गल्लीतला रस्ता नवा करताना जुना उकरत नाहीत, त्याच्यावरच नवा टाकतात. दर खेपेला रस्ता चार बोटं वर येतो. आमच्या घराला बांधलं तेव्हा तीन पायऱ्या होत्या, आता दीड उरली आहे. ओल अडवणारा थर होता तिथेच आहे, जमीनच त्याच्या वर गेली. बाहेरची माती आता त्याच्या डोक्यावरून भिंतीला पाणी पाजते. म्हणून आत रांगायच्या आधी बाहेर एक चक्कर मारा, आणि भिंतीला टेकलेली माती, विटांचा राडा, तुळशीच्या कुंड्यांची रांग, सगळं फूटभर दूर करा. फुकटचं काम आहे, म्हणून कुणी करत नाही.

मग पॉलिथिन. आतल्या फरशीवर तो तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दीड-दोन दिवस विसरून जा. उचलल्यावर खालच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी जमिनीतून येतंय. वरच्या बाजूला दिसले तर ते हवेतलं आहे. दोन्हीकडे दिसले तर तुमचं घर तळ्याजवळ आहे.

आमचं आहे. सरूरनगरचा तलाव कुतुबशाहीतला, १६२६ सालचा. तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला शेती होती. आता वसाहती आहेत आणि पाण्याला हा बदल कुणी कळवलेला नाही. हैदराबादची जमीन म्हणजे वर मुरूम, खाली ग्रॅनाईटचा दगड. पावसाचं पाणी मुरमातून खाली उतरतं, दगडाला टेकतं, आणि पुढे वाट नाही म्हणून आडवं चालू लागतं. ते तुमच्या कंपाउंडच्या भिंतीखालून येतं आणि शेजाऱ्याच्या भिंतीखालून जातं. २०२० च्या ऑक्टोबरात, तेराव्या तारखेच्या रात्री जो पाऊस झाला, त्यानंतर तलावाकाठच्या वसाहतींमध्ये होड्या फिरल्या. आमच्या गल्लीत पाणी गुडघ्यापर्यंतच होतं, पण जिन्याखालची मोटर तीन दिवस बुडालेली होती. १९०८ साली मुसी नदीला पूर आला तेव्हा निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर बांधले. मला तसं कुणी सुचवलं नाही. मला शेजाऱ्यांनी टुल्लू पंप दिला.

या भागात पाण्याचा खरा अंदाज एकाच माणसाला होता असं माझं मत आहे. मोसिये रेमों हा फ्रेंच सेनापती निजामाच्या नोकरीत होता, मुसारामबागेच्या नावात तोच दडलेला आहे असं सांगतात. तो १७९८ साली वारला आणि त्याची कबर अस्मानगडच्या टेकडीवर आहे. पावसाळ्यात मुसारामबागेचा पूल पाण्याखाली जायचा. रेमोंला ओल लागत नाही.

असो. तलावाला दोष देण्यापूर्वी संप तपासा. हैदराबादेत नळाला पाणी बहुतेक ठिकाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे प्रत्येक घराच्या पोटात जमिनीखालची टाकी असते, तिला इथे संप म्हणतात. बांधणाऱ्यानं जागा वाचवायला ती नेमकी जिन्याला चिकटून खणलेली असते. पाणी आलं की संप काठोकाठ भरा, मोटर बंद ठेवा, पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारा, झाकण लावा आणि झोपा. सकाळी पाणी रेघेखाली गेलेलं असेल तर चोर घरातच आहे. आमच्याकडे ते दोन बोटं उतरलं होतं. आम्हाला येतं ते कृष्णेचं पाणी, नागार्जुनसागराहून आणलेलं. म्हणजे महाबळेश्वराला उगम पावलेली, वाईच्या घाटावर आम्ही लहानपणी जिच्यात पाय सोडून बसलो ती कृष्णा इतकी मजल मारून माझ्या जिन्याखाली पाझरत होती. क्षणभर भरून आलं. मग मेस्त्रीला बोलावलं. त्यानं संप रिकामा करून कोपरे गोलवून घेतले आणि आतून पाणी न सोडणारा गिलावा केला. आमच्या दुखण्यातला निम्मा भाग तिथेच गेला.

आता जागा रिकामी करणे. इथे नवशिके हरतात. तांत्रिक अडचण काही नाही, अडचण वस्तूंची आहे. ओल एकटी राहत नाही, तिला खायला लागतं, आणि जिन्याखाली आपण तिचं कोठार करून ठेवतो. आमच्याकडे निघालेल्या वस्तू: चिरंजीवांची एमसेट या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेची पुस्तकं, दोन पोती, गड्डीअन्नारमच्या फळबाजारातून आणलेल्या आंब्यांच्या रिकाम्या पेट्या, अकरा (बाजार २०२१ मध्ये बाटसिंगारमला गेला, पेट्या राहिल्या), गणपतीचं मखर, थर्माकोलचं, एक पाळणा, वडिलांची नांदेडहून आणलेली लोखंडी ट्रंक, जिच्यात हैदराबाद संस्थानाच्या काळातले उर्दू महसुली कागद होते आणि ते सुदैवानं लोखंडात असल्यामुळे वाचले.

"पेट्या कशाला ठेवल्यात?" मी.

"उपयोगी पडतात."

"कशाला?"

"तुम्हाला नाही कळायचं."

वाळवीला मात्र कळलं होतं. एमसेटच्या पुस्तकांपैकी केमिस्ट्री पूर्ण फस्त, फिजिक्स निम्मं, गणिताला तोंडही लावलेलं नव्हतं. चिरंजीवांचाही हाच क्रम होता.

वाळवीविषयी मात्र गंभीरपणे वाचा. तेलुगूत तिला चेदलु म्हणतात. ही जमिनीतून येते. अंगानं मऊ, उघड्या कोरड्या हवेत तग धरत नाही, म्हणून मातीचे पेन्सिलीएवढे बोगदे बांधत भिंतीवर चढते. असा बोगदा दिसला की नवशिका झाडू घेऊन धावतो. थांबा. त्यातला बोटभर तुकडाच मोडा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघा. पुन्हा लिंपलेला दिसला तर वसाहत जिवंत आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्यांचा थवा घरातूनच उठला, तर ती लग्नाची वरात आहे आणि मांडव तुमच्या जोत्यात आहे. यावर रॉकेल, मीठ, हळद असले उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतील. वरची वाळवी मरते, खालची राणी अंडी घालत राहते. उपाय मातीत करावा लागतो. भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात, बांधून झालेल्या घरांसाठी, त्याची रीत दिली आहे: भिंत आणि फरशी मिळते तिथे फूट-फूट अंतरावर बारीक भोकं पाडायची, औषध सोडायचं, भोकं बुजवायची. हे परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि त्यानं ड्रिल लावण्याआधी त्याला हाताला धरून तुमचा संप दाखवा. त्याला तो दिसत नाही. औषध संपाच्या भिंतीतून झिरपलं तर वाळवीबरोबर तुम्हीही वाचणार नाही. म्हणून संपाची गळती आधी, वाळवीचं औषध नंतर, हा क्रम उलटू नका.

उंदीर. दिलसुखनगरात खाण्याच्या गाड्या आणि होस्टेलांच्या खानावळी भरपूर, त्यामुळे उंदरांचं पोषण उत्तम आहे. पण जिन्याखाली ढिगानं माती उकरलेली दिसली तर तो उंदीर नव्हे, घूस. तेलुगूत पंदिकोक्कु, म्हणजे डुकरासारखा उंदीर. याच शब्दाचं इंग्रजांनी बँडिकूट केलं आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या भलत्याच प्राण्यालाही तेच नाव दिलं. घुशीचं जन्मनाव आपल्या या मुलखातलं आहे, तेव्हा ती स्वतःला इथली मूळ रहिवासी समजते आणि तिचं चुकत नाही.

भोकं बुजवताना नुसतं सिमेंट भरू नका. उंदरांचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडणं ही त्यांची गरज आहे. तारेची घासणी भोकात ठासायची, वर काचेचे बारीक तुकडे मिसळलेलं सिमेंट. आमच्या आजीची नांदेडच्या वाड्यातली पद्धत हीच होती, घासणीऐवजी तिच्याकडे बाभळीचे काटे होते. करंगळी जाईल तेवढ्या भोकातून लहान उंदीर जातो, म्हणून मोटरच्या वायरी आणि पाइप भिंतीतून येतात तिथली फट सोडू नका. आधी दोन रात्री पिंजरा लावा, मग भोकं बुजवा. आत असताना बुजवलीत तर तो नवं भोक पाडेल, किंवा आतच मरेल आणि मग महिनाभर पाहुणे येणार नाहीत. उंदरांची लेंडी कोरडी झाडू नका, हातमोजे घालून ओल्या फडक्यानं उचला, रोगाची भीती असते.

एक गोष्ट थट्टेशिवाय सांगतो. धान्याच्या कोठारात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या दुकानदार "एक डाल देव, सब मर जाते" म्हणून हातावर ठेवतो. ओल लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो, आणि ओल तर जिन्याखाली आहेच. त्या गोळ्यांनी घरातली माणसं गेली आहेत. घरात आणूच नका.

साप दिसला तर तोही उंदरांमागेच आलेला आहे, बहुधा धामण. काठी शोधू नका. हैदराबादेत फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटीचे स्वयंसेवक येऊन साप धरून नेतात. दार लोटा, लांबून लक्ष ठेवा, फोन करा.

झुरळांबद्दल थोडक्यात. गटारातून येतं ते मोठं, तांबूस झुरळ, त्याला अमेरिकन कॉकरोच म्हणतात. मूळचं ते आफ्रिकेतलं, अमेरिका मधला मुक्काम. चिरंजीवांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बाबा, विषय बदला." जिन्याखाली पाणी जायला जाळी असेल तर तिच्याखाली न्हाणी ट्रॅप असतो. प्लंबर तेलुगू असो की बिहारी, तो "नहानी ट्रॅप"च म्हणतो, आपली न्हाणी सगळीकडे पोचली आहे. त्याच्यात दोन इंच पाणी साठून राहतं आणि तेच गटार आणि घर यांच्यातलं दार. जागा वापरात नसली की पाणी सुकतं, दार उघडतं, मग वास येतो आणि झुरळं येतात. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. एवढ्या स्वस्तात दुसरं काही बंद होत नाही.

आता बंद करायची वेळ. अमेरिकेत सगळं हवाबंद करतात, कारण तिकडच्या त्या भागात उन्हाळा दमट. झरोके उघडे ठेवले तर बाहेरची गरम ओली हवा आत येते आणि गार तुळयांवर पाणी होऊन बसते. आधी तिकडेही झरोके सक्तीचे असत, मग शहाणपण आलं. ते शहाणपण जसंच्या तसं इकडे आणू नका. आपला उन्हाळा कोरडा. मार्च ते मे इथली हवा भिंतीतलं पाणी फुकट शोषून नेते. तेव्हा होळीनंतर जिन्याखालचं दार सताड उघडं, पोपडे खरवडून वीट उघडी, शक्य तर एक टेबलफॅन. पाऊस लागला की दार बंद. हैदराबादेत वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तेवढे महिने पोकळीचं तोंड मिटलेलं बरं. वरच्या कोपऱ्यात वीतभर झरोका राहू द्या, त्याला बारीक लोखंडी जाळी.

भिंत सुकली हे कसं ओळखायचं? पॉलिथिनचा तोच तुकडा, तीच चिकटपट्टी, या वेळी भिंतीवर. थेंब आले नाहीत तरच खालच्या तीन फुटांत सिमेंटचा, पाणी अडवणारं रसायन घातलेला गिलावा करा. तिथे पीओपी आणि पुट्टी नको, ती पाणी पितात. खाली शहाबादी फरशी बसवून सांधे भरून घ्या. सामान ठेवायचंच असेल तर लोखंडी मांडणीवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं लांब, म्हणजे वाळवीचा बोगदा चढताना दिसेल. लाकूड, पुठ्ठा, कागद आत नको.

आम्ही हे सगळं गेल्या वर्षी केलं. दोन पावसाळ्यांत मिळून एक कोपरा तेवढा घामेजला, तो मी खडूनं गोल करून ठेवला आहे. आंब्याच्या पेट्यांपैकी नऊ गेल्या. दोन उपयोगी पडतात म्हणून गच्चीवर आहेत. एमसेटचं गणित चिरंजीवांनी मागवलंय, तिकडे जाणाऱ्या कुणाकडे तरी द्यायचंय, सहाशे पानं आहेत, दिलसुखनगरातून डिसेंबरात कुणी शार्लटला जाणार असेल तर कळवावं.

तुम्हाला काम काढायचं असेल तर मेस्त्रीला फेब्रुवारीतच गाठा. एप्रिल-मेमध्ये तो गावाकडे लग्नांत असतो, आणि जूनमध्ये सगळं दिलसुखनगर त्याच्या दारात.